भूपेन खक्कर: चित्रातल्या साध्या माणसांकडे कसं पाहावं

मंडळी, भूपेन खक्कर यांच्या चित्रासमोर पहिल्यांदा उभं राहिलं की अनेकांना वाटतं, या माणसाला चित्र काढता येत नव्हतं. हात आखडलेले, टेबल कलंडल्यासारखं, सावली जिथे पडायला हवी तिथे पडलेलीच नाही. हा कच्चेपणा आधी खरोखरच शिक्षणाच्या अभावातून आला होता. पण खक्करांनी तो दुरुस्त केला नाही, कामाला लावला. त्याच्यावाचून त्यांची माणसं चित्रात आलीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

जन्म 1934चा, मुंबईतला. गुजराती मध्यमवर्गीय घर, वडील लवकर गेलेले. शिक्षण सनदी लेखापालाचं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत संध्याकाळचे वर्ग केले तेवढेच. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या ओळखीमुळे 1962मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथल्या ललित कला विद्याशाखेत शिकले, तेही चित्रकला नव्हे तर कलासमीक्षा. पुढे कित्येक वर्षं अर्धा वेळ हिशेबनिशी करून घर चालवलं. चित्र विकलं नाही तरी चूल पेटत होती. हे स्वातंत्र्य फार मोलाचं होतं.

साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी कोलाज केले. बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रं कापून चिकटवायची, वर रंग आणि भिंतीवर खरडल्यासारख्या रेघोट्या. त्या काळी हे धाडस होतं. पण या पद्धतीची एक अडचण आहे. चिकटवलेला देव चिकटवलेलाच राहतो. त्याच्याशेजारी माणूस रंगवला तर दोघे एकाच हवेत श्वास घेत नाहीत. कोलाज मागे पडला आणि खक्कर तैलरंगाकडे वळले. आता कॅलेंडरचा रंग, कंपनी शैलीतली (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांसाठी काढलेल्या चित्रांतली) नेटकी रेघ, राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या पिछवाईची (श्रीनाथजींच्या, म्हणजे कृष्णाच्या, मूर्तीमागे लावायच्या चित्रपटाची) मांडणी आणि स्वतःच चित्रकला शिकलेल्या फ्रेंच चित्रकार आंरी रूसोची झाडं हे सगळं एकाच हाताने रंगवलं जाऊ लागलं. उत्तर-आधुनिक म्हणतात ते हेच: उच्च-नीच न मानता सगळ्या परंपरा एका कॅनव्हासवर बसवणं.

सत्तरच्या दशकात शिंपी, न्हावी, घड्याळं दुरुस्त करणारा अशी चित्रं आली. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ 1972चं. 1975चं ‘मॅन विथ बुके ऑफ प्लॅस्टिक फ्लॉवर्स’ नीट पाहा. मधोमध समोर तोंड करून उभा माणूस, हातात प्लॅस्टिकची फुलं, भोवती छोट्या चौकटींत घरगुती प्रसंग. पिछवाईत ज्या जागी श्रीनाथजी असतात, तिथे हा कुणीतरी चारचौघांतला गृहस्थ. शरीर जवळजवळ सपाट रंगवलंय, चेहरा मात्र तसा सपाट नाही. या शैलीची नक्कल करणारे नेमके इथेच फसतात. भडक रंग आणि दुकानाची पाटी उचलतात, चेहऱ्यावर वेळ घालवत नाहीत. मग चित्र त्या माणसाची टिंगल करतं. खक्करांचं करत नाही.

1981मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. त्यात खक्करांसोबत शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि आपले सुधीर पटवर्धन होते. त्याच वर्षीचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. बाल्कनीत पाठमोरा, विवस्त्र माणूस उभा आहे. खाली बाप, मुलगा आणि गाढव. गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण चित्रात तेच तिघं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी दिसतात. लघुचित्रांत आणि इटलीतल्या सिएनाच्या जुन्या भित्तिचित्रांत काळ असाच एका पृष्ठभागावर मांडतात. म्हणून हे चित्र एका नजरेत संपवू नका. आधी गाढव शोधा, त्याच्या मागे जा, मग बाल्कनीवर परत या. लोक काय म्हणतील याला कंटाळलेला माणूस तिथे उघडा का उभा आहे, ते तेव्हा उमगतं. स्वतःचं समलैंगिक असणं खक्करांनी चित्रातून उघडपणे मांडायला सुरुवात केली ती याच सुमारास. ‘टू मेन इन बनारस’ 1982चं. एका बाजूला मिठीतले दोन विवस्त्र पुरुष, दुसरीकडे काशीतली पूजाअर्चा, लहान आकारात. भक्ती आणि वासना यांच्यात त्यांनी भिंत घातलेली नाही.

1984मध्ये पद्मश्री, 1992मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात सहभाग. शेवटच्या वर्षांत कर्करोग जडला, तेव्हा शरीराचं विद्रूप होणंही त्यांनी रंगवलं. 2001चं ‘बुलेट शॉट इन द स्टमक’ बघवत नाही, तरीही बघावं. 8 ऑगस्ट 2003 रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं.

एक व्यवहाराची गोष्ट. ही चित्रं मोबाइलवर पाहून मत बनवू नका. मोठा आकार पडद्यावर कळत नाही, आणि छोट्या चौकटींतली माणसं तर नाहीशीच होतात. मूळ चित्रासमोर गेलात तर आधी लांबून पूर्ण मांडणी पाहा, मग अगदी जवळ जाऊन कोपरे वाचा.