मार्कीझचा दगड

(दृश्य: उघडी खाण, वरून. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला करडा खड्डा.)

अगदी तळाशी पिवळा ठिपका सरकतोय, तो डंपर आहे. त्याचं एकेक चाक माणसाच्या उंचीचं. यावरून खड्डा केवढा असेल ते ताडा.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यालगत, कॅले आणि बुलोन या दोन बंदरांच्या मध्ये मार्कीझ हे पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. त्याला लागून रँक्सां आणि फेर्क. तिन्ही गावांच्या मध्ये हे खड्डे पसरलेत, आणि फ्रान्समधल्या सगळ्यात मोठ्या खडीखाणींमध्ये त्यांची गणना होते. पर्यटक मात्र गावात शिरत नाहीत. महामार्गावरून ते थेट समुद्राकडे जातात, काप ग्री-ने आणि काप ब्लां-ने या दोन भूशिरांकडे. ज्या रस्त्यावरून जातात त्याची खडी कुठली, हे कोण विचारतो!

(दृश्य: खाणीचा कडा जवळून. ड्रिलिंग मशीन.)

सुरुंगाची तयारी बघण्यासारखी असते. कड्याच्या माथ्यावर, काठापासून मोजून मागे, एका ओळीत भोकं पाडतात. प्रत्येक भोकात आधी स्फोटक जातं, मग तोंडाशी बारीक कच ठासून भरतात, नाहीतर सगळा जोर वरच्या वर निघून जाईल. भोंगा वाजतो. माणसं, यंत्रं लांब जातात. भोकं एकदम उडत नाहीत. एकापाठोपाठ एक, मधे सेकंदाचा अगदी बारीक अंश सोडून उडतात. त्यामुळे दगड नीट फुटतो आणि गावातल्या घरांना हादराही कमी बसतो. लांबून पाहणाऱ्याला आधी भिंत खाली बसताना दिसते, आवाज मागाहून येतो, आणि मग धूळ.

पुढचं काम क्रशरचं. डबर आत, खडी बाहेर. चाळण्यांवरून मापामापाने वेगळी होते: रस्त्याची, काँक्रीटची, रुळांखालची गिट्टी. काही चुनखडी चुनाभट्ट्यांना जाते. बराच माल रेल्वेने निघतो, कारण खाणीपर्यंत रूळच आलेले आहेत.

(दृश्य: नकाशा. बुलोने, म्हणजे बुलोनभोवतीचा प्रदेश, आणि त्याच्या कडेने खडूच्या टेकड्यांचं कडं.)

इतका कठीण, इतका जुना दगड इथेच का? आजूबाजूला मैलोन्‌मैल पांढरा खडू आहे, त्याच्या मानाने अगदी अलीकडचा. झालं असं, की या भागात जमिनीचे थर वर उचलले गेले आणि फुगवट्याचा माथा झिजून गेला. फुगलेल्या पुरीचा वरचा पापुद्रा काढल्यावर आतलं दिसावं, तसे खालचे प्राचीन थर उघडे पडले. फेर्कच्या चुनखडीत जे शिंपल्यासारखे जीवाश्म सापडतात, ते प्राणी सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात राहत होते. भूशास्त्राच्या अभ्यासकांना फेर्क हे नाव जगभर ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे.

खाणवाले मात्र या दगडाला संगमरवर म्हणतात. शास्त्राने तो संगमरवर नव्हे, चुनखडीच. पण पॉलिश धरतो, आणि बाजाराला तेवढं पुरतं. त्याचे प्रकारही नावानिशी विकले जात. एकाचं नाव होतं नेपोलियन.

(दृश्य: विमीय गावाजवळचा स्तंभ, वर नेपोलियनचा पुतळा.)

हे नाव आलं या स्तंभावरून. १८०४ साली नेपोलियन इथे बुलोनला प्रचंड सैन्य घेऊन तळ ठोकून होता, समोरच्या इंग्लंडवर चाल करायची म्हणून. त्याच्या गौरवासाठी सैन्याने स्तंभ उभारायला घेतला आणि दगड आला मार्कीझच्या खाणींतून. पुढे स्वारी रद्द झाली, सैन्य पूर्वेकडे गेलं, काम रखडलं. नेपोलियन गेला, राजे परत आले. त्यांनी अर्धवट स्तंभ पाडला नाही. पूर्ण करून स्वतःच्या नावावर केला. नंतर पुन्हा वारं फिरलं, आणि १८४१ मध्ये वर नेपोलियन चढला. दगड तोच, मालक मात्र दोनदा बदलला. पन्नास मीटरहून उंच असलेल्या या स्तंभावरचा नेपोलियन इंग्लंडकडे पाठ करून उभा आहे. ते बरंच म्हणायचं.

त्या काळी इथे दगड घडवणारे हात होते. रँक्सांला या संगमरवराच्या कारागिरीची माहिती देणारं एक छोटं संग्रहालय आहे. ते आवर्जून बघावं. कारण बाहेर आता जे चालतं ते सगळं टनावर चालतं.

(दृश्य: पहिल्या महायुद्धातली छायाचित्रं. चिखल, लाकडी गाड्या.)

हा बदल हळूहळू झाला, पण युद्धाने त्याला रेटा दिला. पहिल्या महायुद्धात आघाडीकडे जाणारे रस्ते चिखलात रुतत होते आणि खडीला तोटा होता. ब्रिटिश सैन्याने खाणकामगारांच्या खास तुकड्या मार्कीझला आणल्या. त्या युद्धाची आपली एक आठवणही याच टापूत आहे: बुलोनला जखमी भारतीय सैनिकांसाठी मीरत (आपलं मेरठ) नावाचं इस्पितळ होतं, आणि बुलोनला लागून असलेली मीरत दफनभूमी आजही नीट राखलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जवळच, मिमॉयेकला, खडूच्या टेकडीत बोगदे खोदले. लंडनवर मारा करणाऱ्या लांबच लांब तोफा तिथे बसवायच्या होत्या. ६ जुलै १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी टॉलबॉय नावाचे अवजड बॉम्ब टाकून तो बेत कायमचा गाडला. आता त्या बोगद्यांत वटवाघळं राहतात आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

(दृश्य: हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या गाई.)

या टेकड्या नीट बघा. यातल्या काही माणसाने केलेल्या आहेत. खाणीतली माती आणि टाकाऊ दगड कुठेतरी टाकावाच लागतो. पूर्वी तो ढिगाने पडे. १९९०च्या दशकापासून खाणवाले, गावं आणि इथलं प्रादेशिक निसर्ग उद्यान यांनी मिळून आराखडा केला: ढिगांना उतार द्यायचा, झाडं लावायची, गवत वाढवायचं. काम चोख झालंय. इतकं चोख, की रस्त्यावरून जाणाऱ्याला खाण दिसतच नाही. मला स्वतःला उघडा खड्डा जास्त प्रामाणिक वाटतो; पण मी इथे राहत नाही. ज्याच्या खिडकीच्या चौकटीवर रोज धूळ बसते, त्याला टेकडी हवी असणार.

खाण खोल गेली की पाणी लागतं. ते पंपाने उपसून ओढ्यांत सोडतात आणि शेवटी स्लाक नावाच्या छोट्या नदीला मिळतं. नदी मार्कीझवरून जाते, वाळूच्या टेकड्यांतून वळते आणि आंब्लतोझला समुद्र गाठते. मुखाशी वोबां या फ्रेंच लष्करी अभियंत्याने बांधवलेला, सतराव्या शतकातला किल्ला आहे. भरतीच्या पाण्यातच उभा.

(दृश्य: काप ग्री-ने. पलीकडे डोव्हरचे पांढरे कडे.)

हवा स्वच्छ असली की इथून इंग्लंड दिसतं, जेमतेम चौतीस किलोमीटरवर. नेपोलियनला हे अंतर पार करता आलं नाही. मार्कीझच्या दगडाने ते त्याच्या हजारेक वर्षं आधीच केलं होतं. हा गावातला दुसरा दगड, मऊ आणि फिकट, छिन्नीला सहज वळणारा. सातव्या शतकात केंटच्या किनाऱ्यावर रिकल्व्हरला चर्च झालं, त्यातले उंच स्तंभ याच दगडाचे. १८०९ मध्ये ते चर्च पाडलं, पण स्तंभ वाचले. कॅलेहून बोटीने डोव्हरला उतरा आणि कॅन्टरबरीला जा. तिथल्या कॅथेड्रलच्या तळघरात ते ठेवलेले आहेत.