मळीची माती, माळाची माती

[दृश्य: पंचगंगेकाठचा ऊस. मग शाळेचा व्हरांडा, उन्हात पसरलेली माती.]

करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथीचा वर्ग, परिसर अभ्यासाचा तास. पुस्तकं अजून दप्तरातच आहेत, कारण एका मुलीनं प्रश्न काढलाय.

"बाई, पाऊस थांबला तरी आमच्या रानात आठ-आठ दिवस चिखल असतोय. तात्यांच्या रानात दुसऱ्या दिवशी चालाय येतंय. असं का?"

तिचं रान नदीकडेला, मळीत. तात्यांचं वर माळाला. मळीची काळी माती पाणी धरून ठेवते, माळाची मुरमाड माती सोडून देते, हे बाईंना ठाऊक आहे. एका वाक्यात सांगून धडा पुढे नेता आला असता. त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "हे शोधायचं कसं?"

कुणी म्हणालं, आजोबांना विचारू. कुणी म्हणालं, दोन्ही माती आणून पाणी ओतू. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, तात्यांचं रान उताराला हाय, पाणी वाहून जात असणार. तिन्ही गोष्टी फळ्यावर आल्या. उताराचा मुद्दा खराच होता, पण तो वेगळा तपासावा लागणार होता. म्हणून तो कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवला. आणि "असं का?" या मोठ्या प्रश्नातून वर्गात तपासता येईल असा एक छोटा प्रश्न निघाला: दहा मिनिटांत कोणत्या मातीतून जास्त पाणी खाली येतं?

प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवताना सगळ्यात मोलाचा वेळ हाच, असं आम्हाला ठामपणे वाटतं. अजून एकाही मुलाचा हात मातीला लागलेला नाही. साहित्य आणि कृती फळ्यावर लिहून दिली, की मुलं ती नीट करतात, पण त्यात ठरवायचं असं त्यांच्याकडे काही उरत नाही. इथं ठरवणारी मुलंच आहेत.

[दृश्य: कापलेल्या बाटल्या, तोंडाला बांधलेलं फडकं.]

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मधोमध कापल्या. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला, तोंडाला सुती फडकं बांधलं. मग वाद सुरू झाला. माती किती घ्यायची? दोन्हीकडं दोन वाट्या. पाणी? औषधाच्या मापानं मोजून, दोन्हीकडं सारखंच. एकीच्या लक्षात आलं, की मळीची माती ओली आहे आणि माळाची कोरडी. ओल्या मातीत आधीचंच पाणी आहे, मग बरोबरी कशी होणार? दोन्ही माती उन्हात टाकायचं ठरलं आणि प्रयोग पुढं ढकलला गेला. बदलायची ती फक्त माती, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा नियम बाईंनी सांगितला नव्हता. तो या वादातूनच वर आला.

पाणी ओतण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहिला. आधी लिहिलेला अंदाज मागाहून बदलता येत नाही, म्हणून तो महत्त्वाचा. बहुतेकांनी माळाच्या मातीच्या बाजूनं लिहिलं.

आणि एका गटात उलटंच झालं. काळ्या मातीतून पाणी भराभरा खाली आलं. "आमचं चुकलं," म्हणत एकानं खोडरबर काढला. बाईंनी तो हळूच बाजूला ठेवला. "खोडू नका. काय दिसलं ते लिहा. आता दुसऱ्या गटाची बाटली बघून या."

बघून आल्यावर उलगडलं. दुसऱ्या गटानं माती बारीक केली होती, यांच्या बाटलीत ढेकळं तशीच होती. पाणी मातीतून न जाता ढेकळांमधल्या फटींतून निघून गेलं होतं. मग त्याच बाटलीत पुन्हा तेवढंच पाणी ओतलं. या वेळी ते थेंब-थेंब आलं. काळी माती पाणी पिऊन फुगली होती आणि फटी बुजल्या होत्या.

उन्हाळ्यात मळीच्या रानाला भेगा पडतात, वळवाचं पहिलं पाणी त्या भेगांतून खोल जातं आणि मग जमीन फुगून बंद होते. या मुलांनी ते रानात दरवर्षी पाहिलेलं असतं. आज त्याचं कारण त्यांच्या हाताखाली आलं. खोडरबर चालला असता तर हे सगळं पुसलं गेलं असतं.

[दृश्य: मैदानात रोवलेली काठी, जमिनीवर खडूच्या खुणा.]

काही शोध एका तासात संपत नाहीत. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव कोल्हापूरच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, नंतर पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण गाभाऱ्यात येतात. वर्षातून दोनदाच का, हा प्रश्न मैदानातल्या काठीला विचारता येतो.

१ मीटर उंचीची काठी. दुपारी १२ ते १ या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. कोल्हापुरात १० नोव्हेंबरच्या सुमारास ती साधारण ६७ सेंटिमीटर भरते. २१ डिसेंबरच्या आसपास ८४ पर्यंत लांबते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा ६७. दक्षिणेकडं सरकलेला सूर्य परत फिरला आणि त्याच जागी आला, हे मुलांच्या वहीतल्या आकड्यांवरून दिसतं. मध्ये ढगाळ दिवस आला, तर ती जागा कोरी सोडायची, अंदाजानं भरायची नाही.

वर्गाचा पुढचा बेत शून्य सावलीचा आहे. कोल्हापुरात दुपारी काठीची सावली नाहीशी होते ती मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये इथं पावसाचा जोर, म्हणून मेमध्येच, सुट्टीत, ज्यानं-त्यानं आपल्या अंगणात मोजायचं ठरलंय. बैठकीत अडचण एकच निघाली: घरी काठी अगदी सरळ उभी आहे, हे कळणार कसं? गवंड्याच्या मुलीनं हात वर केला. "माझ्या पप्पांचा ओळंबा हाय." दोरीला दगड बांधून प्रत्येकानं तसाच ओळंबा कसा करायचा, ते ती आता वर्गाला दाखवते आहे.