अहो, लाइन मागून आहे

नमस्कार श्रोतेहो. आज जरा भांडणाबद्दल बोलूया. मोठं भांडण नाही हां, ते छोटंसं, जे अम्युझमेंट पार्कच्या रांगेत होतं, पाय दुखत असतात, ऊन डोक्यावर असतं, आणि नंतर आपल्यालाच वाटतं की एवढं ओरडायची काय गरज होती. म्हणजे बघा, तुम्ही 40 मिनिटं उभे आहात, राईड समोर दिसतेय, वरून लोकांच्या किंकाळ्या ऐकू येतायत, आणि तेवढ्यात एक गृहस्थ रेलिंगखालून वाकून, दोन पोरांना हाताला धरून, "आमची माणसं पुढे आहेत" असं कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात बोलत तुमच्या पुढे सटकतात. कुठली माणसं, किती पुढे, काही कळत नाही. आणि मग पुढची 20 मिनिटं तुम्ही राईडकडे बघतच नाही, त्यांच्या पाठीकडे बघत बसता.

मी ओरडणाऱ्यातली आहे, आधीच कबूल करते. एकदा अशाच एका काकांना मी असं काही झापलं की अख्खी रांग वळून बघायला लागली, आणि काका गेले मागे, मी एकदम विजयी वगैरे, तर माझी 7 वर्षांची भाची हळूच म्हणाली, "मावशी, आता आपण दुसऱ्या राईडला जाऊया का, सगळे आपल्याकडे बघतायत." झालं. जिंकले मी आणि रांगेतून बाहेर पडायची वेळ पण माझ्यावरच.

त्या दिवसानंतर मी जरा विचार करायला लागले की आपल्याला राग नेमका कशाचा येतो. वेळेचा? चला हिशोब करूया. समजा एका रोलर कोस्टरला 20 सीट्सची गाडी आहे आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते, म्हणजे तासाला 1200 माणसं. तुमच्या पुढे 600 जण असतील तर अर्धा तास. हे रांगेचं गणित जॉन लिटल नावाच्या माणसाने 1961 मध्ये रीतसर सिद्ध केलंय, पण खरं तर रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते मनातल्या मनात येतंच. आता तुमच्या पुढे 5 जण घुसले. किती वेळ गेला तुमचा? 15 सेकंद! 15 सेकंदांसाठी आपण घसा बसेपर्यंत ओरडतो आणि रात्री घरी येऊन पण तेच सांगत बसतो.

पण थांबा, हाच हिशोब छोट्या राईडला लावला की चित्र बदलतं. 12 सीट्सची लहान मुलांची राईड, चढणं उतरणं धरून 4 मिनिटांची एक फेरी. तुमचं पोर रांगेत अकरावं आहे, या फेरीत बसणार म्हणून उड्या मारतंय, आणि पुढे 5 जण घुसले. आता ते गेलं पुढच्या फेरीत, आणि त्याच्याबरोबरची बहीण नववी होती ती पण गेली. लहान मुलाला 4 मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. म्हणून माझं स्वतःचं मत असं झालंय की मोठ्या कोस्टरला कुणी एकदोन जण घुसले तर मी कधीकधी सोडून देते, पण लहान मुलांच्या राईडला अजिबात नाही, तिथे बोलायचंच.

आणि राग वेळेचा नसतोच मुळी. डेव्हिड मेस्टर म्हणून एक आहेत, त्यांनी 1985 मध्ये वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं, त्यात एक मुद्दा होता की आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत असताना वाट बघणं हे न्यायाने वाट बघण्यापेक्षा लांब वाटतं. घड्याळात वेळ सारखाच, पण लांब वाटतो. रिकामं उभं राहणं पण लांब वाटतं, किती वेळ लागणार हे माहीत नसणं पण लांब वाटतं. पार्कवाल्यांना हे बरोब्बर कळतं, म्हणून तर रांगेत टीव्ही लावतात, भिंती सजवतात, आणि बोर्डावर "इथून 60 मिनिटं" असं लिहून तुम्हाला 45 मिनिटांत पोचवलं की तुम्ही खूश. पण घुसखोर आला की ही सगळी मेहनत पाण्यात, कारण तो वेळ खातो त्याहून जास्त तुमचा रांगेवरचा विश्वास खातो.

आता बोलायचं कुणी? इथे गंमत आहे. स्टॅनली मिलग्राम नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये 129 रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून बघितली होती, 1986 मध्ये ते छापून आलं. घुसणारा जाऊन शांतपणे म्हणायचा की मला इथे उभं राहायचंय, आणि सरळ तिसऱ्या चौथ्या माणसाच्या मध्ये. तर एकटा माणूस घुसला तेव्हा साधारण निम्म्याच रांगांमधून कुणीतरी हरकत घेतली, निम्म्या रांगा गप्प! दोघं घुसले तर मात्र जवळजवळ सगळीकडे आवाज उठला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी घुसणाऱ्याच्या लगेच मागे कधीकधी आपलीच माणसं उभी केली होती, मुद्दाम गप्प बसणारी, तर तिथे बाकीच्यांची हरकत एकदम कमी झाली. म्हणजे सगळे मागचे लोक त्या एका माणसाकडे बघत असतात की ज्याच्या नाकासमोर घुसलाय तोच गप्प आहे तर आपण कशाला तोंड उघडा.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या नाकासमोर कुणी घुसलं तर पाळी तुमची. मागचे 50 जण तुमच्याकडे बघतायत. आणि तुम्ही दहा जण मागे असाल तर तिथून आरडाओरडा करू नका, ज्याच्या पुढे घुसलाय त्याला विचारा, "अहो, हे तुमच्याबरोबर आहेत का?" बस. बऱ्याचदा तेवढ्यानेच त्याला पण कंठ फुटतो.

बोलायचं कसं, तर पहिल्या 5 सेकंदात. हे मी अनुभवाने सांगते. माणूस घुसला, तुम्ही दोन मिनिटं धुमसलात, मग बोललात तर आवाज आपोआप चढलेला असतो, आणि तोपर्यंत तो तिथला रहिवासी झालेला असतो, पोरांना खांद्यावर घेऊन सेल्फी काढत असतो, आता त्याला हलवणं म्हणजे त्याचं घर खाली करून घेण्यासारखं. पण तो रेलिंगखालून वर येतोय तेव्हाच, हसून, "दादा, लाइन मागून आहे, शेवट तिकडे त्या खांबापाशी आहे," असं म्हटलं की त्याला चुकून आल्याचं नाटक करायची सोय मिळते. ही सोय द्यायची. "अरे हो का, मला वाटलं इथूनच आहे" असं म्हणून तो निघून जातो आणि दोघांचीही अब्रू शिल्लक. तुम्हाला माहितीये तो खोटं बोलतोय, त्याला माहितीये तुम्हाला माहितीये, चालतं.

"लाज वाटत नाही का" हे वाक्य मात्र टाळा, मी कितीतरी वेळा वापरलंय, एकदाही उपयोग झालेला नाही. उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही कोण विचारणार?" आणि मग विषय रांगेचा राहतच नाही. त्याच्या बायकापोरांसमोर तर नकोच, कुणी आपल्या मुलासमोर माघार घेत नाही. एकदा सांगून हलला नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं ते स्टाफला. आणि अंगाला हात? कधीच नाही, बाजूला करण्यापुरता सुद्धा नाही. धक्काबुक्कीत पहिला हात कुणाचा हे सिक्युरिटीला कळत नाही, बाहेर दोघंही जातात.

स्टाफला सांगायचं म्हणजे कुणाला, हे पण नीट ऐका. राईडच्या प्लॅटफॉर्मवर जे लोक बार खाली दाबून चेक करत असतात ना, त्यांना नाही. त्यांचं काम त्या क्षणी फक्त ते बार, ते बेल्ट आणि हाताने दिलेला ओके, तिथे त्यांना भांडणात ओढणं म्हणजे आपल्याच बसणाऱ्या माणसांच्या सेफ्टीत लुडबुड. रांगेच्या तोंडाशी जो उभा असतो, उंची मोजतो, त्याला सांगायचं, आणि वर्णन द्यायचं, "लाल टोपी, दोन मुलं, वरच्या वळणावर." नुसतं "तिकडे लोक घुसतायत" सांगून तो बिचारा काय करणार. अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्ससारख्या मोठ्या पार्कांचा तर लेखी नियमच आहे की लाइन तोडली तर बाहेर काढणार आणि पैसे परत नाहीत. पण नियम राबवायला कुणीतरी सांगावं लागतं. आणि हे स्टाफवाले बहुतेक विशीतली पोरं असतात, दिवसभर उन्हात उभी, त्यांच्यावर आवाज चढवणारे लोक मी घुसखोरांपेक्षा वाईट धरते, खरंच.

आता जरा उलट बाजू. पुढे जाणारा प्रत्येक माणूस घुसखोर नसतो. काही पार्कात एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, रिकाम्या राहिलेल्या एका सीटवर त्यांना बसवतात, ते तुमची जागा घेतच नाहीत. काहींनी जास्त पैसे भरून दुसरी लाइन घेतलेली असते. डिस्नीने 1999 मध्ये फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळायचा पास, काढला तो फुकट होता, 2021 मध्ये तो बंद करून पैसे घेणारी पद्धत आणली, म्हणजे आता पैसे मोजून पुढे जायची अधिकृत सोय आहे. आवडो न आवडो (मला फारसं आवडत नाही), पण त्याचा राग त्या पास घेतलेल्या माणसावर काढण्यात अर्थ नाही, तो सोय काढणाऱ्यांना लेखी कळवा.

आणि ज्यांना गर्दीत, आवाजात उभंच राहता येत नाही अशी मुलं असतात, त्यांच्यासाठी वेगळी सोय असते. डिस्नीनेच 2013 मध्ये ती पद्धत बदलली, कारण अपंग व्यक्तीला भाड्याने गाइड म्हणून घेऊन लोक रांगा टाळतायत अशा बातम्या आल्या होत्या. विचार करा, माणूस 40 मिनिटं वाचवायला कुठल्या थराला जातो. पण त्या लबाडांमुळे खऱ्या आईबापांना दरवेळी रांगेतल्या शंभर लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, मूल धडधाकट दिसतंय मग हे पुढे का असं. तेव्हा माणूस बाजूच्या गेटमधून स्टाफच्या समोर आत येत असेल तर गप्प बसायचं. रेलिंगखालून आला तर बोलायचं. माझा सोपा नियम आहे हा.

बाथरूमचं काय? लहान मुलाला अर्ध्या रांगेत लागतेच, निसर्गनियम आहे. जायच्या आधी, आधी हां, मागच्या माणसाला चेहरा दाखवून सांगा, "याला घेऊन जाऊन येते, हे आमचे लोक इथेच आहेत." मग परत येताना तोच तुम्हाला वाट करून देतो आणि मागच्यांनाही सांगतो की हो हो, ह्या इथल्याच. न सांगता गेलात आणि 10 मिनिटांनी गर्दीतून वाट काढत आलात तर तुम्ही आणि तो लाल टोपीवाला यात फरक काय, मागच्याला कसा कळणार. एक जण रांगेत उभा आणि शेवटच्या वळणावर 11 जण येऊन मिळतात, हे मात्र बाथरूमच्या सवलतीत बसत नाही. सगळे जमले की रांगेत शिरायचं.

मागून पोटाने ढकलणारे, कानात मोठ्याने व्हिडिओ वाजवणारे, शिव्या देत जोक सांगणारे, यांच्यासाठी माझ्याकडे एकच युक्ती आहे, मी त्यांना "तुम्ही पुढे जाता का?" असं विचारते. ढकलणारा ओशाळून एक पाऊल मागे सरकतो. व्हिडिओवाल्याने मात्र एकदा खुशाल "हो" म्हटलं आणि गेला पुढे! गेला तर गेला, कान तरी सुटले.

सगळ्यात अवघड प्रकार शेवटी सांगते, घरचे. आमच्याकडे एक दाजी आहेत, ते कायम पुढे पोचलेले असतात, आणि अर्ध्या रांगेपलीकडून दोन्ही हात हलवून ओरडतात, "ए, इकडे या, जागा धरलीये!" सगळी रांग माझ्याकडे बघते. भाची माझ्याकडे बघते. मी पण तितक्याच जोरात ओरडते, "तुम्हीच या मागे!" ते येत नाहीत. ते राईड करून उतरतात, मग सगळ्यांच्या बॅगा घेऊन एक्झिटच्या बाकावर अर्धा तास आमची वाट बघत बसतात, आणि आम्ही उतरलो की पहिलं वाक्य, "किती वेळ लावलात!"