आवाज बसलाय, हात थरथरतायत आणि भजन तासाभरावर आलंय

नमस्कार मंडळी. मागे पाऊस ऐकू येत असेल, त्याला इलाज नाही. भाद्रपदात कोकणात व्हिडिओ करायचा म्हणजे पत्र्यावरचा ताल आलाच.

मी कुडाळजवळच्या एका गावात भजनी मंडळात पेटीवर बसतो, गातोही. आज बोलायचंय ते ऐनवेळी काय करायचं यावर. अंगात कसकस आहे, घसा धरलाय किंवा नुसतीच भीती वाटतेय, आणि समोर झांज वाजायला लागलीय.

आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीत, चौथ्या दिवशी माझा आवाज बसला. दुपारी कळलं होतं, पण कुणाला बोललो नाही. म्हटलं, गरम पाणी घेऊ, होईल. संध्याकाळी पहिल्याच घरी रूपावलीला, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या सुरुवातीच्या अभंगाला, वरचा सा लावायला गेलो आणि नुसती हवा आली. मग पखवाजवाल्या काकांच्या कानात म्हटलं, स्वर खाली घेऊया. ते बघतच राहिले. ‘मेल्या, आता सांगतंस? तुका आधी सांगूक काय झाला?’

त्यांचं बरोबर होतं. हे बघा. (पेटीवर काळी तीन दाबतो.) आमचं मंडळ इथून गातं. मला हवी होती पांढरी तीन. (दाबतो.) मध्ये फक्त पांढरी चार, म्हणजे पेटीवर दोन बोटांचं अंतर, माझं काम एका सेकंदाचं. पण पखवाज त्या सा ला लावलेला असतो. तो उतरवायचा तर हातोडी घ्या, गट्ठे म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे सरकवा, वादी म्हणजे चामड्याची दोरी सैल करा, पुन्हा कानाने जुळवा. त्यात दमट हवेत पान, म्हणजे पखवाजाचं कातडं, आधीच उतरलेलं. घरची मंडळी आरती करून वाट बघत बसलेली असताना हे कोण करणार? दुपारी सांगितलं असतं तर काकांनी घरूनच खालच्या स्वराचा पखवाज आणला असता. आमच्याकडे दोन आहेत.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की लपवू नका. एकट्याने गाणाऱ्याला लपवणं परवडतं. मंडळात तुमच्या घशावर दुसऱ्याचा पखवाज लावलेला असतो.

आता घशाकडे येऊ. सर्दी-खोकल्यात स्वरतंतू सुजतात, जड होतात, सावकाश कंप पावतात. म्हणून बोलताना आवाज उलट भारदस्त वाटतो, आणि माणूस फसतो. खालचे स्वर छान लागतात, वरचे गायब. खर्ज बरा लागला म्हणून खूश होऊ नका, वरचा सा हळूच तपासून बघा.

मिठाच्या गुळण्या जरूर करा, घशाला बरं वाटतं. पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. तिथे पाणी गेलं तर तुम्हाला ठसका लागेल, भजन दूरच. तिथवर पोचते ती वाफ. पाणी प्यायचं ते सकाळपासून, कारण ते अंगात मुरून तिथे पोचायला वेळ लागतो. आणि आवाज वाचवायचा म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानेही घसा ताणला जातो. सरळ गप्प बसा. कोकणात गप्प बसणं अवघड आहे, मला माहीत आहे.

अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन घेऊन वरच्या पट्टीत ओरडू नका. त्याने रक्त पातळ होतं, आणि ताणलेल्या स्वरतंतूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि ‘थोडी घेतली की आवाज मोकळा होता’ म्हणणारे प्रत्येक वाडीत आहेत. आवाज मोकळा होतो की नाही देव जाणे, लय मात्र नक्की मोकळी सुटते.

ताप असेल तर मात्र माझं मत कडक आहे, घरी जा. आपल्यातले निम्मे लोक गणपतीच्या आधी शेतात चिखलात उभे असतात, पायाला कुठे ना कुठे कापलेलं असतं. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, ही लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखलपाण्यात पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं असू शकतात. गोळीने ताप दाबून रात्रभर जागून भजन करण्याचा हा विषयच नाही. आधी सरकारी दवाखाना. गणपतीक राग येणा नाय.

आता भीती. भीतीत अ‍ॅड्रेनलिन वाढतं, तोंड कोरडं पडतं, बोटांकडच्या रक्तवाहिन्या आखडतात म्हणून हात गार होतात. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांच्या लक्षात येतं ते हे, की भीती मंडळात लयीतून पसरते. एकाचा हात पळायला लागला की झांज त्याच्यामागे, मग कोरस, आणि गजर, म्हणजे शेवटचा जलद नामघोष, सुरू व्हायच्या आधीच लय गजराची. मग खऱ्या गजराला चढवणार कुठे?

आमचा उपाय साधा आहे. सुरुवातीची लय सर्वांत अनुभवी झांजवाला धरतो, मुख्य गाणारा बुवा नाही. आणि घाबरलेल्याला त्याच्या शेजारी बसवायचं, माइकपासून लांब.

‘शांत हो, शांत हो’ म्हणू नका. हार्वर्डच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना कॅरिओके गायला लावलं होतं. गाण्याआधी ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःशी म्हणणारे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त सुरात गायले. धडधडतं काळीज दाबण्यापेक्षा त्याला उत्साह म्हणणं सोपं पडतं.

दुसरं, त्याला आधी कोरसमध्ये गाऊ द्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांशी जुळू लागते, कारण गाण्याच्या ओळी सगळ्यांना एकाच वेळी श्वास सोडायला लावतात. आपली झील धरणारी, म्हणजे बुवांमागून ओळ उचलणारी मंडळी हे रोज करतातच.

आणि कुणी सांगेल, अमक्याची बीपीची गोळी घे, हात थरथरत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल नावाची तशी गोळी आहे, जगभर काही वादक घेतात. पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या डबीतली गोळी तोंडात टाकायची नाही.

गेल्या वर्षी आमच्यात एक नवा पोरगा आला, कॉलेजातला. पहिल्या घरी टाळ धरलेला हात इतका थरथरत होता की टाळ आपोआप वाजत होते. त्याने स्वतःच सांगितलं, ‘बुवांनू, माका भीती वाटता.’ आम्ही त्याला झांजेशेजारी बसवला. दोन घरं नुसती झील. तिसऱ्या घरी उसळ-पाव, चहा झाला आणि त्याला गौळणीचं एक कडवं दिलं, तेही पांढरी तीनमधून. पाचव्या घरी त्याला थांबवायला मला पेटीचा भाता सोडावा लागला.