आधी नोटीस, मग पत्रिका

(दृश्य : पुण्यातलं विवाह नोंदणी कार्यालय. व्हरांड्यातला काचेचा फलक. कॅमेरा एकेका नोटिशीवरून सरकतो.)

टाचणीनं लावलेला यातला एकेक कागद म्हणजे एकेक ठरलेलं लग्न. दोघांचे फोटो, नावं, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता. येणाजाणारा कुणीही थांबून वाचू शकतो, आणि लोक वाचतात. पडद्यावर नावं आणि पत्ते आम्ही धूसर केले आहेत. फलकावर ते धूसर नसतात.

लग्न ठरलं की आपल्याकडे पहिला फोन गुरुजींना जातो, दुसरा मंगल कार्यालयाला. तारीख निघते, हॉलची पावती फाटते, पत्रिका छापायला जातात. नोंदणी पद्धतीनं करायचं असं पक्कं ठरवलेली जोडपीसुद्धा हाच क्रम धरतात आणि मग या व्हरांड्यात येऊन अडकतात. कारण इथली तारीख पंचांगातून निघत नाही. ती या फलकावरून मोजतात.

(दृश्य : दोघं बाकावर. तिच्या मांडीवर फाइल. तो मोबाइलमधलं कॅलेंडर बघतोय.)

हे दोघं पुण्यात नोकरी करतात. तिचं घर नागपूर जिल्ह्यात, त्याचं साताऱ्याकडे. जात वेगळी. लग्न करतायत ते १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली. हा कायदा १ जानेवारी १९५५ला लागू झाला. त्याआधी १८७२चा एक कायदा होता. त्यात मुळात अशी अट होती, की नोंदणी करून लग्न करायचं तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असं लिहून द्यायचं. म्हणजे लग्नासाठी धर्मच नाकारायचा. १९५४च्या कायद्यानं ही अट काढली. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, एकाच जातीचे असा, या कायद्याखाली लग्न करू शकता. हे पुन्हा सांगायचं कारण, अजूनही पुष्कळांना वाटतं की नोंदणी विवाह म्हणजे पळून जाऊन करायची गोष्ट.

आता हिशोब. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तिथे दोघांपैकी एकाचं आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यापासून ३० दिवस आक्षेपासाठी. आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती नोटीस बाद, पहिल्यापासून सुरुवात. १ नोव्हेंबरला नोटीस दिलीत आणि ती लगेच फलकावर लागली, तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत दार उघडं आहे. हॉल त्यातलाच बघा. पत्रिका त्यानंतर.

नोटीस ऑनलाइन भरता येते. लग्न ऑनलाइन लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी या दोघांना खिडकीवर कळली. नोटीस देणाऱ्यांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणजे हिची नागपूरला, त्याची साताऱ्याला. तेव्हा घरी सांगायचं असेल, तर ते टपालाच्या आधी सांगा. गावाकडच्या कुणी फलकावर फोटो बघून वडलांना फोन लावला, तर पुढचं बोलणं अवघड होतं.

(दृश्य : खिडकी. मॅडम कागद एकेक करून पालथे घालतात. एका दाखल्यावर पेन थांबतं.)

हे पेन थांबलं ना, तिथे बहुतेकांचं घोडं अडतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडलांचं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. कुठे आडनाव पुढे, कुठे मागे. वयासाठी जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा पासपोर्ट, पत्त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र किंवा भाडेकरार, फोटो, आणि ३ साक्षीदार, त्यांच्या ओळखपत्रांसह. आधीचं लग्न मोडलेलं असेल, तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. जोडीदार वारला असेल, तर मृत्यूचा दाखला. कागद नोटीस देण्याच्या आधी शेजारी शेजारी ठेवून वाचा. स्पेलिंगसकट.

आक्षेपाची लोकांना फार धास्ती असते. कायद्याला चालणारे आक्षेप मोजके आहेत. वय पूर्ण नाही, म्हणजे मुलगा २१चा नाही किंवा मुलगी १८ची नाही. आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे आणि लग्न टिकून आहे. संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नाही. किंवा नातं निषिद्ध आहे. एवढंच. जात जुळत नाही, धर्म वेगळा, मुलाला पगार कमी, आई रडतेय, यातलं काहीही आक्षेप म्हणून टिकत नाही. आईवडलांची सही लागत नाही.

नात्याचं मात्र जपून. मामाची मुलगी करणं आपल्याकडे कित्येक घरांत रीतच आहे. पण या कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत चुलत, मावस, आत्ते आणि मामे, चारही भावंडं येतात. रूढीसाठी सवलत आहे, पण ती आपोआप पदरात पडत नाही. असं नातं असेल तर आधी अधिकाऱ्याशी बोला.

(दृश्य : भाड्याच्या खोलीतलं स्वयंपाकघर. ओट्यावर वही. दोघांचे हात, एक पेन.)

नोटिशीचे ३० दिवस नुसते वाट बघण्यात घालवायचे नसतात. या दोघांनी ते या वहीत घातले.

वहीचं पहिलं पान कुणी किती द्यायचे याचं आहे. ‘मुलीकडच्यांनी लग्न करून द्यायचं’ हा वाक्प्रचार इथे खोडलेला दिसतोय, निम्मे-निम्मे. दुसऱ्या पानावर जे नको त्याची यादी. मानपान नाही, आहेर नाही, टॉवेल-टोपी नाही, माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारून सत्कार नाही. ही यादी दोन्ही घरी पाठवली, ती लेखी. तोंडी सांगितलेलं ‘आहेर आणू नका’ कुणी मनावर घेत नाही, पत्रिकेत छापलेलंसुद्धा कमीच घेतात. पण मोठ्या काकांच्या हातात कागद गेला की घरात चर्चा तरी होते.

तिसरं पान हॉलचं. भाडं किती, हा प्रश्न सगळे विचारतात. भाड्यात काय धरलेलं नाही, हे विचारायचं. लाइटबिल वेगळं का, जनरेटर वेगळा का, सफाईचे किती, बाहेरचा केटरर चालतो का, अनामत कधी परत, तारीख बदलली तर किती कापणार. उत्तरं पावतीवर लिहून घ्या. मुहूर्ताचा दिवस सोडलात तर दर उतरतो. आणि नोंदणी लग्नाला मुहूर्त लागत नाही, हे हॉलवाल्यालाही ठाऊक असतं. तो स्वतःहून सांगणार नाही.

केटररचं गणित ताटावर चालतं. ‘किमान ताटं’ म्हणून एक आकडा तो धरतो. त्याहून कमी माणसं जेवली तरी पैसे तेवढेच. आकडा हातचं राखून, कमी सांगा. आणि ताटं मोजायला आपला एक माणूस ठेवा, ज्याला फोटोत यायची हौस नाही असा.

आपल्याकडे एक जुनी सोय आहे, ‘साखरपुड्यातच लग्न’. साखरपुड्याला सगळे जमतात, वडीलधारी आपसांत बोलतात आणि दुपारपर्यंत अक्षता पडतात. खर्च एकाच जेवणाचा. दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी करायला कुणी कमीपणा मानत नसेल, तर नोंदणी आणि जेवणही एकाच दिवशी का नको?

(दृश्य : गंज पेठ. महात्मा फुले वाडा. अंगण, तुळशी वृंदावन, सतरंजीवर बसलेले पाहुणे.)

लग्नाचा दिवस. सही दुपारी आहे. त्याआधी सकाळी सगळे इथे जमलेत.

हा जोतीराव आणि सावित्रीबाईंचा वाडा. २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा निंबणकर. पुढाकार सावित्रीबाईंचा. पुरोहित नव्हता. नवरा-नवरीनं एकमेकांना शपथ दिली आणि लग्न झालं. पुढे अशी लग्नं लागायला लागली तसे गावोगावचे जोशी आपली दक्षिणा बुडाली म्हणून उठले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा वाद तर कोर्टात गेला.

जोतीरावांनी लग्नासाठी मंगलाष्टकं रचली, ती मराठीत, मांडवातल्या शेवटच्या माणसालाही कळतील अशी. त्यात नवरा-नवरी एकमेकांशीच बोलतात. ती बायकांच्या हक्कांचं विचारते, तो सर्वांदेखत कबूल करतो. नेहमीच्या मांडवात मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगांत गप्पा चालतात. इथे बघा, कुणी बोलत नाहीये.

(दृश्य : दोघं उभी. हातात कागद. वाचन सुरू होतं. निवेदन थांबतं. मूळ ध्वनी.)

तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या. मुलीच्या मागे मामा नाही, तिची आई उभी आहे. भाऊही आलाय. वडील आले नाहीत.

(दृश्य : कार्यालय. टेबलाच्या एका बाजूला विवाह अधिकारी, दुसऱ्या बाजूला दोघं, मागे तीन साक्षीदार.)

कायद्याच्या दृष्टीनं लग्न लागतं ते आता. दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी आधी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची. मग प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. कायद्याला लागणारा विधी एवढाच. बाकी हार घाला, सात पावलं चाला, मंगळसूत्र बांधा, काहीच करू नका, कायदा आडवा येत नाही. ठराविक अंतरात असेल तर अधिकारी तुम्ही सांगाल त्या जागीसुद्धा येऊ शकतात, जादा शुल्क भरून.

मग या वेबकॅमसमोर फोटो, या यंत्रावर अंगठा. साक्षीदार मोजून तीनच आणू नका, चार आणा. तिसरा माणूस हमखास वाहतुकीत अडकतो.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण कार्यालयाबाहेर फिरणारे एजंट तो मुद्दाम पुसट करतात. विशेष विवाह कायद्यात लग्न अधिकाऱ्यासमोर लागतं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नमुना ‘ड’ भरून करतात ती मात्र आधी लागलेल्या लग्नाची नोंद असते. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्यानं लग्नानंतर ९० दिवसांच्या आत ती करायची आहे. दोन वेगळ्या गोष्टी. ‘नोटीस नको, एका दिवसात सर्टिफिकेट देतो’ असं कुणी सांगत असेल, तर तो दुसऱ्या रस्त्याबद्दल बोलतोय, आणि त्या रस्त्यावर आधी खरोखर विधी झालेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४मध्ये डॉली राणी प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखाली लग्न म्हणायचं तर विधी झाले पाहिजेत. विधीच झाले नसतील तर नुसतं प्रमाणपत्र लग्न ठरवत नाही. व्हिसासाठी म्हणून ‘आधी कागद करू, लग्न नंतर धूमधडाक्यात’ असं करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावं. कागद आधी हवाच असेल, तर या टेबलासमोर या.

(दृश्य : पंगत. वाढपी, पत्रावळी, जिलेबीचं ताट. हात धुणारी मुलं.)

जेवण. वरण-भात, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. डीजे नाही, तसाही रात्री १०नंतर लाउडस्पीकरला बंदी आहेच.

हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१च्या कायद्यानं गुन्हा आहे, आज किमान शिक्षा ५ वर्षं. गाडी, फ्लॅट, ‘हौसेनं दिलेलं’ सोनं मागणीतून आलं असेल तर तेही हुंड्यातच. घरच्यांकडून जिवाला धोका वाटत असेल तर नोटीस देण्याच्या आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष करायला सांगितलं आहे. आंतरजातीय लग्नासाठी राज्याचं ५०,००० रुपयांचं साहाय्य आहे, अटींसह; चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात.

(दृश्य : छापून आलेलं प्रमाणपत्र. तिचं बोट ओळीवरून सरकतं.)

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचायचं. दोघांची नावं, जन्मतारखा, पत्ते, लग्नाचा दिनांक. चूक खिडकीवरच दाखवली तर सोपं, महिन्यानं आलात तर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं. मुलीनं नाव बदललंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचं नसेल तर कुणी खिडकीवर ‘नवीन नाव काय?’ विचारलं तरी जुनंच सांगा. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी यांची नामनिर्देशनं लग्नानं आपसूक जुळत नाहीत, ती त्याच आठवड्यात नव्यानं भरा. प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा. आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नका. उद्या परदेशी जायचं झालं तर साक्षांकनाचा शिक्का त्याच कागदावर मारायचा असतो, आणि प्लास्टिक चढवलेला कागद खिडकीवरून परत येतो.