पाडवा ते पाडवा : बडोद्यातून ऐकलेलं इंडी रॉकचं एक वर्ष

(दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. गॅलऱ्यांत गुढ्या, खाली स्कूटरची वर्दळ.)

बडोद्यात नवं वर्ष दोनदा येतं. शेजारच्या गुजराती घरात दिवाळीनंतर, आपल्या घरात चैत्रात. 2024 साली पाडवा होता 9 एप्रिलला. त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत इंडी रॉकच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र राहून स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडच्या जगात काय काय घडलं, कोणते अल्बम आले, कोण कुठे वाजवून गेलं आणि त्यातलं बडोद्याच्या पदरात काय पडलं, ते या फिल्ममध्ये बघायचं आहे.

पदरात भरपूर पडलं. जे राहून गेलं, ते कशामुळे, हेही बघू.

(दृश्य : रात्र. लॅपटॉपच्या उजेडात हेडफोन लावलेली मुलगी.)

सुरुवात पाडव्याच्या जरा आधीपासून करावी लागेल. 29 मार्चला सिंडी ली या नावाने गाणाऱ्या एका कॅनडाच्या संगीतकाराचा ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम आला. 32 गाणी, दोन तास. स्पॉटिफायवर त्याचा पत्ता नव्हता. यूट्यूबवर एकच लांबलचक व्हिडिओ होता, आणि जुन्या वळणाच्या एका वेबसाइटवरून फायली उतरवून घेता येत होत्या. गिटारचा आवाज असा, की भिंतीपलीकडे कुणीतरी 1960च्या दशकातला रेडिओ लावून ठेवलाय. वर्षाअखेरीस कितीतरी समीक्षकांच्या यादीत हा अल्बम अगदी वर होता. गाण्यामागून गाणं पुढे ढकलत ऐकायची सवय लागलेल्यांना या दोन तासांनी बसवून ठेवलं. वर्षातलं सगळ्यात मन लावून केलेलं ऐकणं कुठलं, असं विचारलंत, तर उत्तर हेच.

पाडव्यानंतर तीन दिवसांनी, शुक्रवारी, 12 एप्रिलला इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या चौघांचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव इंग्लिश टीचर, अल्बम ‘धिस कुड बी टेक्सस’. 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात. त्यामुळे लीड्समध्ये रेकॉर्ड निघते त्याच दिवशी ती बडोद्याच्या अलकापुरीत आणि मांजलपुरातही वाजते. पूर्वी मुंबईहून कुणीतरी कॅसेट आणेल म्हणून महिनोन्‌महिने वाट बघावी लागे. तो काळ संपला. आता रेकॉर्ड वेळेवर येते, बँड मात्र येत नाही.

लीड्स हे लंडन नव्हे. गिरण्यांचं, कामगारांचं जुनं शहर. पण तिथे ब्रूडनेल सोशल क्लब नावाची एक जागा आहे. मुळात कामगारांचा क्लब. आज तिथल्या छोट्या हॉलमध्ये शेकडो बँड वाजवून जातात. चारशेच्या आसपास माणसं उभी राहतील एवढीच जागा. नव्या बँडला पहिली पाच वर्षं असाच हॉल लागतो. दोन हजारांचा रिकामा वाटतो, चाळीस जणांच्या कॅफेत ड्रम मावत नाहीत.

बडोद्यात नेमकी हीच जागा नाही.

(दृश्य : रात्रीचा ओल्ड पादरा रोड. कॅफे, कोपऱ्यात स्टुलावर अकूस्टिक गिटारवाला.)

याचं कारण इथल्या कायद्यातही आहे आणि हिशेबातही. आपल्या देशात इंडी बँड वाढले ते पबमध्ये. मुंबईला लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 ते 2016 ब्लू फ्रॉग चाललं, बेंगळुरूला 2019 पर्यंत हमिंग ट्री होतं. अशा ठिकाणी बँडचं मानधन नुसत्या तिकिटातून क्वचितच सुटतं. ते सुटतं बारच्या गल्ल्यातून. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. दारूबंदी बरी की वाईट हा या फिल्मचा विषय नाही. पण बार नाही म्हणजे तो गल्लाही नाही, आणि जिथे गल्ला नाही तिथे टूरचा मॅनेजर नकाशावर टिंब काढत नाही. मग इथल्या बँडला उरतात कॉलेजचे फेस्ट आणि कॅफे. फेस्टमध्ये फर्माइश येते ती कव्हरची, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांची, स्वतःच्या गाण्यांची नव्हे. कॅफेत ड्रमरला कॅहॉनवर, म्हणजे हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर बसवतात, कारण वरच्या मजल्यावर माणसं राहतात.

आणि तरीही इथली मुलं स्वतःची गाणी लिहितात. गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि हो, मराठीतही. कौतुक करावं ते याचं.

(दृश्य : पाऊस. विश्वामित्री नदीचा पूल.)

9 ऑगस्टला दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बेटा’ आला. 2019च्या ‘बिस्मिल्लाह’नंतरचा त्यांचा मोठा अल्बम. हा बँड नुसता रॉक नाहीच. त्यात जुन्या बॉलरूमचा वॉल्ट्झ आहे, डिस्को आहे, जॅझ आहे, आपल्या वरातीच्या बँडची आठवण करून देणारी पितळी वाद्यं आहेत, आणि त्या सगळ्यावर खर्जात तरंगणारा एक आळसावलेला आवाज. हा अल्बम घेऊन ते अमेरिका-युरोपच्या लांबलचक दौऱ्यावर गेले. भारतीय बँडने परदेशी बँडसारखं वाजवून दाखवावं, अशी अपेक्षा एके काळी होती. या बँडने ती कधीच मागे टाकली आहे. म्हणूनच वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा भारतीय अल्बम आम्ही ‘बेटा’ला म्हणतो.

तो नीट कानात मुरायच्या आत बडोद्यात पाणी शिरलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, आणि शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्याखाली होता. घराघरांतलं नुकसान सगळ्यांनी पाहिलं. वाजवणाऱ्यांचं नुकसान कुणाच्या पंचनाम्यात आलं नसेल. सराव बहुतेक तळमजल्यावरच चालतो, कारण ड्रमसेट जिन्यावरून चढवायला कुणाला आवडतं? गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन कागदाचा असतो, तो भिजला की आकार सोडतो. ड्रमचा शेल म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. पाणी लागलं की थर सुटतात. अ‍ॅम्प वरून कोरडा दिसला तरी लगेच प्लग लावायचा नाही. मागचं पॅनेल उघडून आतलं सर्किट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर उरलंसुरलंही जळतं. त्या दिवसांत असे उघडलेले अ‍ॅम्प खुर्चीवर, पंख्याखाली वाळत होते.

5 सप्टेंबरला लंडनमध्ये मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान, जाहीर झाला. तो मिळाला इंग्लिश टीचरला. तेच लीड्सचे चौघे, पहिलाच अल्बम. दोन दिवसांनी आपल्याकडे गणपती बसले.

(दृश्य : नवरात्र. मैदान, वर्तुळात फिरणारी हजारो माणसं. मग कॅमेरा स्टेजवर, ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर.)

आता जरा थांबू. कारण बडोद्यात लाइव्ह संगीत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याने इथली नवरात्र पाहिलेली नाही.

3 ऑक्टोबरला घट बसले. गुजरातच्या गरब्याला युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते आदल्या डिसेंबरात, 2023 मध्ये. बडोद्याला त्यासाठी युनेस्कोची गरज नव्हती. इथल्या मोठ्या मैदानांवर एका रात्रीत हजारो माणसं खेळतात, आणि तेही रेकॉर्डवर नाही. गायक, कोरस, ढोल, कीबोर्ड, बेस, गिटार, ऑक्टोपॅड, सगळं प्रत्यक्ष वाजवलं जातं. मैदानाच्या शेवटच्या टोकालाही ताल चुकू नये म्हणून स्पीकरचे उंच मनोरे लावतात आणि लांबच्या स्पीकरचा आवाज मोजून मागे ठेवतात, कारण आवाजाला मैदान ओलांडायला वेळ लागतो. हे गणित इथल्या साउंडवाल्यांना तोंडपाठ आहे. दुसरीकडे इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या आवारातला छोटा गरबा, त्याची गंमत वेगळी. म्हणजे मोठं कसं ऐकायचं आणि जवळून कसं ऐकायचं, हे दोन्ही या शहराला येतं.

या स्टेजवर ऑक्टोपॅडमागे बसलेला मुलगा मराठी घरातला. एरवी तो एका रॉक बँडचा ड्रमर. गरब्यात वाजतो तो ‘हींच’ नावाचा ताल, सहा मात्रांचा, रात्रभर, लय हळूहळू चढवत. पॅडच्या आठ चौकोनांत ढोल, डफ, ताशा, टाळी असे आवाज भरलेले. मनगटाला पट्टी, बोटांना टेप. सगळं काम हातांचं. पाय मात्र नऊ रात्री रिकामे. त्यामुळे दसऱ्यानंतर तो ड्रमसेटवर परत बसतो तेव्हा हात धावतात आणि किक ड्रमवरचा पाय मागे पडतो. तो पाय जागेवर यायला चार-सहा दिवस जातात. पण या नऊ रात्रींच्या पैशांतूनच बँडच्या तारा, काठ्या, स्टुडिओचं भाडं निघतं. बडोद्यातल्या रॉकला पोसते ती अंबामाता, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहापर्यंत. सणांसाठी राज्याला तो बारापर्यंत वाढवता येतो, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. त्यातले बरेच नवरात्रीतच संपतात, आणि ते योग्यच आहे. रॉकच्या कार्यक्रमाने सात वाजता सुरू होऊन साडेनऊला संपायला शिकावं.

दिवाळीत, 1 नोव्हेंबरला, द क्युअर या इंग्लंडच्या जुन्या बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला. 16 वर्षांनी नवा अल्बम. पहिल्याच गाण्यात शब्द ऐकू यायला तीन मिनिटांहून जास्त वाट बघावी लागते, आणि ती वाट बघणं सार्थ होतं. त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी या जुन्या थिएटरमध्ये त्यांनी अख्खा अल्बम वाजवला, आणि तो कार्यक्रम यूट्यूबवर फुकट दाखवला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि सकाळी शेजारी गुजराती नवं वर्ष होतं.

(दृश्य : वडोदरा जंक्शन. प्लॅटफॉर्मवर टी-शर्ट घातलेली पोरं. मग एक्स्प्रेसवे.)

हिवाळा म्हणजे मोठ्या शोंचा काळ. 25 आणि 26 जानेवारी 2025, अहमदाबाद, मोटेराचं नरेंद्र मोदी स्टेडियम, कोल्डप्ले. एका रात्रीत लाखाहून जास्त प्रेक्षक. मुंबईहून खास गाड्या सोडल्या होत्या. बडोद्याहून तर 93 किलोमीटरचा एक्स्प्रेसवे. वर्षानुवर्षं इथल्या रॉकप्रेमी पोरांनी उलट दिशा धरली होती, रात्रीच्या गाडीने मुंबई. या वेळी पहिल्यांदा मुंबईची माणसं बडोद्यावरून पुढे गेली.

कोल्डप्ले आज इंडी नाही, मान्य. पण 1990च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या कॅमडेनच्या छोट्या जागांतूनच ते वर आले, आणि ते हे विसरलेले नाहीत. ब्रिटनमध्ये 2023 या एका वर्षात 125 छोट्या जागांमधलं लाइव्ह संगीत बंद पडलं, असं तिथल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने नोंदवलं. 2024च्या मे महिन्यात संसदेच्या समितीने सुचवलं, की स्टेडियम आणि अरीनाच्या तिकिटांतून थोडी रक्कम या छोट्या जागांकडे वळवा. आणि कोल्डप्लेने जाहीर केलं, की 2025 मधल्या लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम आणि हल शहर इथल्या कार्यक्रमांतल्या आपल्या कमाईचे दहा टक्के या ट्रस्टला देऊ. स्टेडियम भरलं म्हणजे संगीत बहरलं असं नाही. स्टेडियम भरणारा बँड आधी कुठेतरी तीनशे माणसांसमोर घामाघूम झालेला असतो.

मार्चच्या 8 आणि 9 तारखेला मुंबईत लोलापालूझा हा संगीत महोत्सव झाला. अमेरिकेचा ग्रीन डे हा बँड पहिल्यांदाच भारतात वाजला. 30 मार्चला पाडवा, आणि आपलं वर्ष पूर्ण.

(दृश्य : सुरसागर तलाव. समोर म्युझिक कॉलेजची जुनी इमारत.)

सुरसागरासमोरचं हे म्युझिक कॉलेज. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या काळात दरबारी संगीतकार मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेचं आजचं रूप. दरबारात बंद असलेलं गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकवायचं, लिहून ठेवायचं, ही कल्पना इथे तेव्हा राबवली गेली. तिकीट लावून जाहीर मैफिली करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये हिराबाईंचं नाव येतं. त्यांची आई बडोद्याची, आणि आडनावच बडोदेकर. तेव्हा पैसे मोजून, खुर्चीवर बसून गाणं ऐकणं इथे परकं कधीच नव्हतं.

मग करायचं काय? आम्हाला सुचतं ते सांगतो. मोठ्या गरब्यांच्या आयोजकांनी सीझन पासामागे दहा रुपये बाजूला काढावेत. ऑक्टोपॅड वाजवणारी, साउंड सांभाळणारी मुलं त्यांचीच आहेत. त्या पैशांतून तीनशे माणसांचा एक हॉल वर्षभर घ्यावा, भिंतींना आवाज शोषणारे पडदे लावावेत, आणि तळमजल्यावर नको, पहिल्या मजल्यावर घ्यावा. ड्रम चढवायला आम्ही येऊ. तिकीट पाचशेच्या वर नेऊ नये. तिथपर्यंत संगीताच्या कार्यक्रमावर जीएसटी लागत नाही. महिन्यातून एक शनिवार बाहेरच्या बँडला द्यावा. मुंबईहून अहमदाबादला निघालेल्या बँडची गाडी इथे थांबतेच. दुसरा शनिवार इथल्यांना, आणि त्या दिवशी अट एकच, गाणी स्वतःची हवीत.