मना हात कोठे गया?

(चाळीसगावात विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात गिरणाकाठच्या एका मळ्यात मी हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून नकली दृश्य बघायचं यंत्र, घेऊन गेलो होतो. मळ्याचे आबा सत्तरी ओलांडलेले. त्यांना पडवीत खाटेवर बसवलं, हेडसेट चढवला आणि आत बर्फाचे डोंगर सुरू केले. आबा क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी दोन्ही हात डोळ्यांसमोर आणले आणि घाबरून विचारलं, "मना हात कोठे गया रे भो?" म्हणजे, माझा हात कुठे गेला?

व्हीआर, एआर, एमआर या तीन नावांचा गोंधळ सोडवायला मला या प्रश्नाहून चांगली चावी मिळालेली नाही. हेडसेट घाला, हात समोर धरा, त्याचं काय होतं ते बघा.

हात गायब झाला, तर ते व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांसमोर एक किंवा दोन पडदे असतात, त्यांच्यापुढे भिंगं, आणि बाहेरचा उजेड पूर्ण बंद. चित्रातले नकली हात दिसतीलही, पण तुमचे नाहीत. खाट, पडवी, शेजारी बसलेली नात, सगळं पुसलं जातं. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण बसलोय. या भांडणातून मळमळ होते. म्हणून पहिल्यांदा घालणाऱ्याला बसवूनच दाखवा, आणि दहा मिनिटांत काढा.

हात जसाच्या तसा दिसला आणि त्याच्यावर एखादं चित्र तरंगलं, तर ते एआर, म्हणजे संवर्धित वास्तव. इथे समोर पारदर्शक काच असते आणि चित्राचा उजेड तिच्यातून डोळ्यात सोडला जातो. गंमत अशी की संगणकाची चित्रं दाखवणारा पहिला हेडसेट या जातीचा होता. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत छताला टांगलेलं जे यंत्र केलं, त्यात अर्धपारदर्शक आरशांतून खोलीही दिसायची आणि हवेतला रेषांचा घनही. पुढे मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ याच वाटेने गेला. पण काच फक्त उजेड मिळवू शकते, असलेला उजेड काढू शकत नाही. त्यामुळे तिला काळा रंग दाखवताच येत नाही; काळं म्हणजे तिथे आरपार. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला केळीच्या बागेबाहेर उभं राहा, चित्र उन्हात विरघळतं. शिवाय होलोलेन्स २ मध्ये चित्र दिसतं ते फक्त ५२ अंशांच्या खिडकीत, तेही कोनाकोनी मोजून. मान जरा वळवली की चित्राचा भाग कापला जातो. २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

तिसरी जात एमआरची, मिश्र वास्तवाची. यात हात दिसतो, पण तो खरा हात नसतो, हाताचा व्हिडिओ असतो. बाहेरचे कॅमेरे खोली टिपतात, यंत्र त्यात नकली वस्तू मिसळतं आणि डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दाखवतं. २०२३ चा मेटा क्वेस्ट ३ आणि २०२४ चा ॲपल व्हिजन प्रो हे दोन्ही असेच. बाजारात एमआर म्हणतात तेव्हा बहुतेक हेच. खरं तर मिलग्रॅम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये हा शब्द मांडला, तेव्हा एआरसुद्धा त्याच्याच पोटात होतं. नावावर भांडण्यात अर्थ नाही.

इथे मला तुमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस यांची आठवण येते. घरातल्या टेबलावर, साध्या वस्तूंमधून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि कॅमेऱ्याला ते खरे वाटायला लावले. डोळा कशाने फसतो, तर सावलीने आणि आडोशाने. एमआरमध्येही तेच. टेबलावर ठेवलेला नकली पंप तेव्हाच पटतो, जेव्हा तुमचा हात त्याच्या पुढे आल्यावर पंप झाकला जातो. यासाठी खोलीतली प्रत्येक वस्तू किती अंतरावर आहे ते मोजावं लागतं. क्वेस्ट ३ मध्ये त्यासाठी वेगळा सेन्सर आहे. तरी बोटांच्या कडेला चित्र थरथरतं, आणि लोडशेडिंगच्या अंधारात कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाणेदार होतो.

किमतीबद्दल एवढंच: सुरुवातीला क्वेस्ट ३ होता ४९९ डॉलरला, व्हिजन प्रो ३,४९९ ला. सात पट पैसे. आपल्या आयटीआयला पहिल्याचे सात घेता येतील. मी सात घेईन. शेतकऱ्याला पानावरचा करपा ओळखायला मात्र हातातला फोन पुरतो, त्याच्या डोक्यावर अर्धा किलो वजन देऊ नका.

आणि ऊन! हेडसेट कधीही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी ठेवला होता. भिंगांनी ऊन गोळा केलं आणि पडद्यावर पिवळा डाग पडला, तो गेला नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. धुळ्याकडच्या एका आयटीआयमध्ये मुलं-मुली व्हीआरमध्ये वेल्डिंगचा सराव करत होती. गॅस नाही, रॉड वाया जात नाही, डोळा भाजत नाही; व्हीआरचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. एका मुलीला पाच मिनिटांत डोकं जड झालं, मळमळायला लागलं. "हे मुलींना झेपत नाही," असं मागून कोणीतरी म्हणालं. मला राग आला. मी हेडसेट उलटा करून पाहिला. त्याला भिंगांच्या तीनच जागा होत्या: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आधीच्या धिप्पाड मुलासाठी ती ६८ वर सरकवलेली. तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, ५८ भरलं. एक सेंटिमीटरचा फरक! तिचे डोळे एकीकडे आणि भिंगांचे मध्य दुसरीकडे, मग डोकं दुखणार नाही तर काय?

भिंगं आत सरकवली. दुसऱ्या दिवशी तिने वीस मिनिटं सलग बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, मारली, सरळ. मग खिशातून पट्टी काढली आणि रांगेतल्या प्रत्येकाचं अंतर मोजून वहीत लिहायला बसली.